‘मी आले’ म्हणताना न अडखळणे: सिसजेंडर या शब्दाविषयी एका शिक्षिकेला उत्तर

फोंडा तालुक्यातील एका माध्यमिक शाळेत शिकवणाऱ्या एका भगिनींनी असा प्रश्न विचारला आहे: “शिक्षकांच्या प्रशिक्षणात आम्हाला सांगण्यात आले की, इथे बसलेले आपण बहुतेक सगळे सिसजेंडर आहोत. मी बाई आहे, दोन मुलांची आई आहे. मला या नव्या शब्दाची गरज काय? दुसरे असे की, माझी पंधरा वर्षांची मुलगी फुटबॉल खेळते, तिने केस बारीक कापून घेतले आहेत आणि मामेबहिणीच्या लग्नात साडी नेसणार नाही म्हणते. त्या दिवसापासून माझ्या मनात सारखे येते की, ती सिसजेंडर नसेल तर? हे ओळखायचे कसे?”

मी गेली बावीस वर्षे गोव्यात मानसशास्त्रज्ञ म्हणून समुपदेशन करते. आधी म्हापशाला करत होते आणि आता फोंड्याला करते. अशी काळजी घेऊन येणाऱ्या आया मला नव्या नाहीत, म्हणून उत्तर लांबले तरी सविस्तर देते. तुम्ही दोन प्रश्न विचारले आहेत, पण मला त्यांच्या मुळाशी एकच गोष्ट दिसते. आपण बाई आहोत याविषयी तुम्हाला कधी शंका आली नाही, आणि ती न येण्याचे कारण तुम्ही आपल्या राहणीत शोधता: लग्न झाले, मुले झाली, साडी नेसते, कुंकू लावते. मुलीच्या राहणीत यांपैकी काही दिसेनासे झाले, तेव्हा तिच्या मुलगी असण्याविषयीच तुमच्या मनात पाल चुकचुकली. माणूस स्वतःला बाई किंवा पुरुष म्हणून ओळखतो ही एक गोष्ट, आणि बाईने किंवा पुरुषाने कसे राहावे हे गाव ठरवतो ही दुसरी. या दोन गोष्टींची गाठ सोडवली की तुमच्या दोन्ही प्रश्नांचा बराच भाग सुटतो.

आधी शब्दाचे पाहू. ‘सिस’ आणि ‘ट्रान्स’ हे लॅटिन उपसर्ग आहेत. पहिल्याचा अर्थ अलीकडचा आणि दुसऱ्याचा पलीकडचा. आल्प्स पर्वताच्या आपल्या बाजूला असलेल्या गॉल प्रदेशाला प्राचीन रोमन लोक सिसअल्पाइन म्हणत आणि पर्वतापलीकडच्या गॉलला ट्रान्सअल्पाइन. रसायनशास्त्र शिकलेल्यांना सिस आणि ट्रान्स समघटक आठवत असतील. दुहेरी बंधाच्या एकाच बाजूला सारखे गट असले की सिस, विरुद्ध बाजूंना असले की ट्रान्स. माणसांविषयी बोलताना जर्मन लैंगिकताशास्त्रज्ञ फोल्कमार झिगुश यांनी १९९१ मध्ये हा उपसर्ग वापरला, त्याच दशकात सिसजेंडर हा शब्द इंग्रजीत दिसू लागला आणि २०१५ मध्ये ऑक्सफर्डच्या मोठ्या इंग्रजी शब्दकोशाने तो दाखल करून घेतला. अर्थ एवढाच आहे: जन्माच्या वेळी सुईणीने किंवा डॉक्टरांनी बाळाचे शरीर पाहून ‘मुलगी झाली’ असे सांगितले आणि ती व्यक्ती जाणती झाल्यावर स्वतःलाही स्त्रीच समजते, तर ती सिसजेंडर स्त्री. पुरुषांचेही तसेच. ज्यांच्या बाबतीत जन्मवेळी सांगितलेले आणि स्वतःला जाणवणारे यांचा मेळ बसत नाही, त्या व्यक्ती ट्रान्सजेंडर. त्यांना मराठीत अलीकडे पारलिंगी म्हणतात. पणजीच्या धक्क्यावर उभे राहिले की बेती पलीकडे असते आणि बेतीच्या धक्क्यावरून पाहिले की पणजी पलीकडे असते. मधली मांडवी नदी दोन्हीकडून सारखीच रुंद असते. या शब्दांत चांगले-वाईट, कमी-जास्त असे काही नाही.

तरीही तुम्ही म्हणाल, आणि तुमच्या प्रश्नामागे तेच आहे, की ‘आम्ही आपले सामान्य’ एवढे पुरेसे नाही का? आपल्या भाषेतलाच एक अनुभव सांगते. पेडण्याच्या माणसाच्या बोलण्याला हेल आहे असे फोंडेकराला वाटते, आणि सत्तरी तालुक्यातल्या माणसाचा हेल म्हापशाच्या बाजारात लगेच कळतो, पण आपल्या स्वतःच्या बोलण्याला हेल आहे असे कुणालाच वाटत नाही. परगावी गेल्यावर कुणीतरी विचारते, “तुम्ही गोव्याचे का?” तेव्हा आपल्याला कळते की आपणही कुठल्या तरी हेलातच बोलत होतो. ‘पारलिंगी’ हा शब्द ठेवला आणि समोर ‘सामान्य’ हा शब्द ठेवला, तर एका माणसाला नाव मिळते आणि दुसऱ्याला नियम होण्याचा मान मिळतो. माझ्या खोलीत पारलिंगी मुलगी आणि तिची आई समोरासमोर बसलेल्या असतात तेव्हा मला दोघींविषयी बोलायचे असते, आणि त्यांच्यापैकी एकीला सामान्य म्हटले की दुसरीला मी काय म्हटले हे तिला न सांगताच कळते. माझ्यापुरती त्या शब्दाची गरज इथे पडते. तुमच्या रोजच्या जगण्यात ती पडेलच असे नाही. अर्जावर ‘स्त्री’ लिहिणे पूर्ण आणि बरोबर आहे, आणि कुणी हा शब्द हिणवण्यासाठी तुमच्यावर फेकला तर तुम्ही तो नाकारण्यात काहीच गैर नाही.

आता त्या न जाणवणाऱ्या ओळखीविषयी थोडे थांबून सांगावेसे वाटते, कारण मराठी माणसाला ती समजून घेण्याची सोय आपल्या व्याकरणातच आहे. इंग्रजी बोलणाऱ्याला ‘मी आलो’ की ‘मी आले’ हे ठरवावे लागत नाही. आपल्याला सकाळी उठल्यापासून रात्री निजेपर्यंत कितीतरी क्रियापदांना ते ठरवावे लागते. मी उठले, मी विसरले, मी येते, मी दमले. तुम्ही आजवर लाखो वेळा हे ‘ले’ आणि ‘ते’ उच्चारले असतील आणि त्यांपैकी एकदाही तुमची जीभ अडखळली नसेल. काही वर्षांपूर्वी माझ्याकडे एक तरुण व्यक्ती येऊ लागली. (इथे सांगितलेल्या सर्वांचे ओळखीचे तपशील मी बदलले आहेत.) पहिल्या तीन भेटींत ती व्यक्ती स्वतःविषयी बोलताना सतत ‘आम्ही’ म्हणत असे: आम्ही आलो, आम्ही रात्री झोपलो नाही. काही घरांत तशी बोलण्याची रीत असते, म्हणून मी तिकडे लक्ष दिले नाही. चौथ्या भेटीत माझ्या ध्यानात आले की भावनेच्या भरात ‘आम्ही’ सोडावे लागले की ती व्यक्ती कोकणीत शिरते आणि तिथेही शक्य तितके वर्तमानकाळात बोलते: हांव येतां, हांव वतां. कोकणीत वर्तमानकाळाचे हे रूप स्त्री-पुरुष दोघांना एकच असते, आणि मराठीत ‘आम्ही आलो’ हे दोघांनाही चालते. ती व्यक्ती इतकी वर्षे एक स्वर टाळण्यासाठी दोन भाषांच्या व्याकरणातून वाट काढत होती, आणि मी, जिला तो स्वर कधी टोचला नाही, तीन भेटी ते ऐकूनही ऐकले नाही. याचे मला आजही वाईट वाटते. सिसजेंडर असणे म्हणजे काय असे मला कुणी विचारले तर व्याख्येऐवजी मी हा प्रसंग सांगते. ‘मी आले’ म्हणताना न अडखळणे, आणि न अडखळल्याचे लक्षातही न येणे, हा त्याचा अनुभवातला अर्थ आहे.

बऱ्याच बायका मला सांगतात की, “मला आतून ‘मी स्त्री आहे’ असे काही जाणवत नाही, मी फक्त आहे.” हेही अगदी स्वाभाविक आहे. दात दुखू लागेपर्यंत जीभ तिकडे जात नाही. काही स्त्रियांचा आक्षेप अधिक विचारपूर्वक असतो आणि मला त्याविषयी आदर आहे. त्या म्हणतात, “मला सिसजेंडर म्हणणे म्हणजे बाईला लावलेली सगळी बंधने मला मान्य आहेत असे म्हणणे झाले, आणि मला तर ती मुळीच मान्य नाहीत.” माझे उत्तर असे की, हा शब्द बंधनांविषयी काहीच सांगत नाही. स्वतःला स्त्री समजणारी स्त्री आयुष्यभर त्या बंधनांशी भांडू शकते. किंबहुना आजवर बहुतेक भांडण तशा स्त्रियांनीच केले आहे. तरीही एखादीला हा शब्द नकोच असेल तर मी तिच्यावर तो लादत नाही.

व्याकरणावरून आणखी एक गोष्ट आठवली. कोल्हापूरकडच्या बायका सहज ‘मी येतो’, ‘मी जातो’ म्हणतात आणि त्यामुळे त्यांच्या बाई असण्यात तिळमात्र फरक पडत नाही. आपल्याकडे तर कोकणीत चेडूं हा शब्दच नपुंसकलिंगी आहे, आणि घरातल्या तरण्या मुलीविषयी आपण ‘तें शाळेंत गेलें’ असे मायेने बोलतो. भाषेतले लिंग, शरीराचे लिंग आणि माणसाची स्वतःविषयीची जाणीव या तीन वेगळ्या गोष्टी आहेत हे आपल्या आज्यांना कुणी शिकवले नव्हते, तरी त्या तसेच बोलत होत्या. मराठीत या तिन्हींसाठी ‘लिंग’ हा एकच शब्द दीर्घकाळ चालत आला आणि त्यामुळे बराच गोंधळ झाला. ‘लिंगभाव’ हा शब्द त्यासाठीच रूढ करावा लागला.

मग राहणीचे काय? पेडणे तालुक्यात देवळाच्या जत्रेला दशावतार होतो तेव्हा लुगडे नेसून, दागिने घालून, केसांत फुले माळून रंगमंचावर येणारी राणी पुरुषच असतो. पहाटे नाटक संपते, तोच माणूस तोंड धुतो, चहा पितो आणि घरी जाऊन शेतावर जातो. त्याच्या पुरुष असण्याविषयी गावात कुणी शंका घेत नाही. मंगेशीचे दीनानाथ मंगेशकर यांनी १९१८ मध्ये स्थापन झालेल्या बळवंत संगीत मंडळीत स्त्रीभूमिका गाजवल्या, आणि तियात्र या कोकणी नाट्यप्रकारात सुरुवातीची काही वर्षे बायकांच्या भूमिका पुरुषच करीत. म्हणजे पेहराव, केस, चालणे-बोलणे यांवरून आतली ओळख ठरत नाही हे गोमंतकीय समाजाला ठाऊक आहे. नाटकापुरते आपण ते मान्य करतो आणि घरातल्या मुलीने केस कापले की विसरतो. इथे एक सावधगिरी सांगायला हवी: अशा कलावंतांपैकी प्रत्येक जण आतून कसा होता हे आपण बाहेरून सांगू शकत नाही, आणि तसे सांगण्याचा मोह टाळावा. राहणीवरून ‘हा नक्की पारलिंगी’ असेही ठरत नाही आणि ‘हा नक्की नाही’ असेही ठरत नाही.

आकर्षण ही याहूनही वेगळी बाब आहे. एखाद्या स्त्रीला स्त्रीविषयीच प्रेम वाटते म्हणून ती पुरुष होत नाही. ती सिसजेंडर असू शकते. पालक या दोन गोष्टींची हमखास गल्लत करतात, म्हणून एवढे सांगून पुढे जाते.

लिंगभावाविषयीच्या ठोकळेबाज समजुतींचा त्रास फक्त पारलिंगी व्यक्तींना होतो, हा एक मोठा गैरसमज आहे, आणि तो माझा स्वतःचाही होता. तो दूर केला तो आपल्या खाणपट्ट्याने. २०१२ मध्ये गोव्यातल्या खाणी बंद झाल्या, मध्यंतरी काही सुरू झाल्या, आणि फेब्रुवारी २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने खाणींच्या ८८ भाडेपट्ट्यांचे नूतनीकरण रद्द केल्यावर त्या मार्चपासून पुन्हा थांबल्या. डिचोली, सत्तरी, सांगे, केपे या तालुक्यांतले ट्रकमालक, चालक, बार्जवर काम करणारे कामगार यांची मिळकत एकाएकी गेली आणि ट्रकांच्या कर्जाचे हप्ते मात्र राहिले. त्या वर्षांत माझ्याकडे चाळिशीचे, पन्नाशीचे पुरुष येऊ लागले. ते स्वतःहून येत नसत, बायका घेऊन येत. झोप नाही, छातीत धडधड, दारू वाढलेली, मुलांवर ओरडणे. तीन-चार भेटींनंतर बहुतेकांच्या तोंडून एकच वाक्य निघे: “आता मी कसला पुरुष?” एकाची पत्नी घरगुती जेवणाचे डबे करून पाठवू लागली होती आणि घर त्यावर चालले होते. तो पहाटे उठून नारळ खोवून देई, भाजी चिरून देई, पण शेजारी येण्याच्या आत हात धुऊन बाहेर पडवीत जाऊन बसे.

या माणसाविषयी मी पुष्कळ विचार केला आहे. त्याची पुरुष म्हणून असलेली ओळख क्षणभरही डळमळीत झाली नव्हती; ‘मी आलो’ म्हणताना तो कधी अडखळला नाही, आणि कुणी त्याला विचारले असते तर त्याने क्षणाचाही विलंब न लावता ‘मी पुरुष’ असे सांगितले असते. कोसळली होती ती भूमिका: पुरुष म्हणजे मिळवता, पुरुष म्हणजे ट्रकच्या चाव्या, पुरुष म्हणजे स्वयंपाकघराबाहेर. ओळख आणि भूमिका या दोन गोष्टी त्याच्या मनात एकच होऊन बसल्यामुळे भूमिका गेली तेव्हा आपणच उरलो नाही असे त्याला वाटले. त्याच्यासोबतच्या कामाचा मोठा भाग हाच होता की, खोबरे खोवणारा हात पुरुषाचाच आहे हे त्याला स्वतःच्या तोंडाने म्हणता यावे. त्याला आठ महिने लागले. शेवटी त्याने शेजाऱ्यासमोर खोवणी पुढे ओढली आणि त्यावर बसला, हे त्याच्या पत्नीने मला सांगितले तेव्हा तिचे डोळे भरून आले होते.

बायकांच्या आणि मुलींच्या बाबतीत हेच शरीराशी येऊन भिडते. ज्याला आपल्याकडे सर्रास पीसीओडी म्हणतात त्या विकारामुळे हनुवटीवर केस येणाऱ्या मुली आठवड्यातून दोनदा ते उपटून काढतात आणि वर्गात तोंडावर रुमाल धरून बसतात. गर्भाशय काढावे लागलेल्या किंवा कर्करोगामुळे स्तन गमावलेल्या स्त्रिया, मूल न होणाऱ्या स्त्रिया वेगवेगळ्या शब्दांत विचारतात की, आता मी पूर्ण बाई राहिले का? वयात येणाऱ्या कितीतरी मुलग्यांची छाती काही काळ फुगीर होते. बहुतेकांची ती साधारण दोन वर्षांत आपोआप उतरते, पण तोवर ते पोहायला जात नाहीत, खेळायला सदरा काढत नाहीत आणि कुणाला सांगतही नाहीत. ही सगळी सिसजेंडर माणसे आहेत.

याचे सार्वजनिक उदाहरण द्यायचे तर धावपटूंचे देता येईल. २००६ मध्ये दोहाच्या आशियाई स्पर्धेत शांती सौंदरराजन यांनी ८०० मीटरमध्ये मिळवलेले रौप्यपदक लिंगचाचणीनंतर काढून घेतले गेले. २०१४ मध्ये द्युती चंद यांना शरीरात नैसर्गिकरीत्याच टेस्टोस्टेरॉन हे संप्रेरक अधिक असल्याच्या कारणावरून ग्लासगोच्या राष्ट्रकुल स्पर्धेतून वगळण्यात आले. त्यांनी आंतरराष्ट्रीय क्रीडा लवादाकडे दाद मागितली आणि जुलै २०१५ मध्ये लवादाने या संप्रेरकावर मर्यादा घालणारा नियम स्थगित केला. या दोघी जन्मापासून मुली म्हणून वाढल्या आणि स्वतःला स्त्रीच म्हणत आल्या. खेळातील गट कसे पाडावेत हा गुंतागुंतीचा प्रश्न आहे आणि तो इथे सोडवण्याचा माझा अधिकार नाही. पण बाईचे शरीर अमुकच असते ही समजूत एखाद्या बाईला किती दूर फेकू शकते ते त्यावरून कळते.

इथवर जे सांगितले त्याचा थोडक्यात गोषवारा असा: शरीर, आतली ओळख, राहणी, समाजाने दिलेली भूमिका आणि आकर्षण यांपैकी कुठलीही एक गोष्ट पाहून दुसरी खात्रीने सांगता येत नाही. आता तुमच्या मुलीकडे वळू.

ती सिसजेंडर आहे की नाही हे तुम्ही सांगितलेल्या माहितीवरून मला सांगता येत नाही, आणि दुसऱ्या कुणीही सांगू नये. यासाठी रक्ताची तपासणी नाही, सोनोग्राफी नाही, प्रश्नावली भरून गुण मोजायचे असाही प्रकार नाही. फुटबॉलवरून तर काहीच ठरत नाही. गोव्यात मुली फुटबॉल खेळतात कारण गोव्यात सगळेच फुटबॉल खेळतात. बारीक केस मैदानावर सोयीचे असतात. साडी नको म्हणण्यामागे शंभर कारणे असू शकतात: ती नेसून चालता येत नाही म्हणून, फोटो काढतील म्हणून, ‘आता हिच्यासाठीही बघायला लागा’ असे मामी म्हणेल म्हणून. वयात येताना बदलणारे शरीर नकोसे वाटणे हेही अनेक सिसजेंडर मुलींना होते, विशेषतः ज्यांना रस्त्यावर नजरांचा त्रास होतो त्यांना. मी अशा वेळी राहणीकडे पाहत नाही. मुलगी स्वतःविषयी काय म्हणते, ते किती काळ आणि किती सातत्याने म्हणते, आणि त्यात तिला यातना किती होतात, हे ऐकते. हे कळायला कधी दोन भेटी पुरतात आणि कधी दोन वर्षे लागतात. वय, घरातले वातावरण, शाळेतले छळणारे सोबती, या सगळ्यांवर ते अवलंबून असते.

तुमच्यासारख्या आयांच्या मनात एक भीती असते की, आपण खेळू दिले, केस कापू दिले, म्हणून ती तशी होईल. किंवा आता कडक झालो तर ती सुधारेल. या भीतीला उत्तर म्हणून मी कॅनडातल्या डेव्हिड रायमर यांची हकिगत सांगते. १९६५ साली जन्मलेल्या जुळ्या मुलग्यांपैकी हा एक, आणि त्याच्या सुंतेच्या शस्त्रक्रियेत अपघात होऊन त्याचे इंद्रिय नष्ट झाले. लिंगभाव केवळ संगोपनाने घडतो असे मानणारे मानसशास्त्रज्ञ जॉन मनी यांच्या सल्ल्याने आईवडिलांनी त्याला मुलीचे नाव दिले, फ्रॉक घातले, शस्त्रक्रिया करवल्या आणि सत्य लपवून मुलगी म्हणून वाढवले. त्या मुलाने ते लहानपणापासून नाकारले. चौदाव्या वर्षी आईवडिलांनी खरे सांगितल्यावर त्याने पुरुष म्हणून जगणे स्वीकारले आणि पुढे आपली कथा जगासमोर मांडली. २००४ मध्ये, वयाच्या अडतिसाव्या वर्षी, त्याचा करुण अंत झाला. एका आयुष्यावरून सिद्धान्त मांडू नये हे मला मान्य आहे, आणि लिंगओळख नेमकी कशी घडते याविषयी संशोधन चालूच आहे. पण एवढे नक्की की फ्रॉक घालून, नाव बदलून आणि तज्ज्ञाचा धाक दाखवूनही एका मुलाच्या आतली ओळख बदलता आली नाही. तुमच्या मुलीच्या पायातल्या बुटांनी ती बदलेल आणि साडीने जागेवर येईल, असे समजण्याला आधार नाही. ती सिसजेंडर असेल तर मैदानावरून सिसजेंडर म्हणूनच घरी येईल, आणि नसेल तर साडी नेसूनही नसेल.

ती पारलिंगी निघाली तर तो आजार नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये स्वीकारलेल्या आणि २०२२ पासून लागू झालेल्या आजारांच्या वर्गीकरणात लिंगओळखीच्या विसंगतीला मानसिक विकारांच्या प्रकरणातून बाहेर काढले आहे. भारतात सर्वोच्च न्यायालयाने १५ एप्रिल २०१४ च्या निकालात लिंगओळख व्यक्तीने स्वतः सांगायची असते हे तत्त्व मान्य केले. मुलाला ‘बरे करून देतो’ असे सांगणारे लोक भेटतात, त्यांत पदवी असलेलेही असतात. त्यांच्यापासून दूर राहा. मद्रास उच्च न्यायालयाच्या २०२१ च्या आदेशानंतर राष्ट्रीय वैद्यक आयोगाने २०२२ मध्ये अशा ‘उपचारांना’ व्यावसायिक गैरवर्तन ठरवले आहे.

मुलीला समोर बसवून ‘तू सिस आहेस की ट्रान्स’ असे विचारू नका. पंधराव्या वर्षी हा प्रश्न चौकशीसारखा वाटतो, आणि ज्या मुलीच्या मनात तसे काहीच नाही तिला आईचा आपल्यावर विश्वास नाही असे वाटते. लग्नाचे विचारा: “साडी नको, मग काय घालशील?” तिने सलवार-कमीज म्हटले, पँट आणि कुडता म्हटले, तर शिवून द्या आणि मामीला तुम्ही स्वतः आधी सांगून ठेवा, म्हणजे मांडवात उत्तर देण्याची पाळी मुलीवर येणार नाही. ती स्वतःविषयी काही बोलली, तर पहिल्या वाक्याला दुरुस्ती करू नका. ‘असे काही नसते’ हे वाक्य एकदा ऐकलेले मूल पुन्हा बोलायला वर्षे घेते. झोप, जेवण, शाळा यांत बदल दिसला, ती अंघोळ किंवा आरसा टाळू लागली, अंगावर जखमा दिसल्या किंवा ‘जगायचे नाही’ असे बोलली, तर मात्र वाट पाहू नका. जवळच्या मानसोपचारतज्ज्ञाकडे न्या. लगेच जाणे शक्य नसेल तर टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर दिवसरात्र बोलता येते.

तुम्ही शिक्षिका आहात म्हणून एक विनंती करते. उद्या वर्गात गेल्यावर आठवडाभर फक्त लक्ष ठेवा की, दिवसातून किती वेळा तुम्ही मुलगे आणि मुली असे वेगळे करता: रांगा, बाके, चतुर्थीच्या सुट्टीआधीची झाडलोट, ‘मुलग्यांनो टेबल उचला’, ‘मुलींनो रांगोळी काढा’. ते लगेच बदला असे मी म्हणत नाही, नुसते वहीत टिपून ठेवा. माझ्याकडे आलेल्या एका शिक्षिकेच्या वहीत पाच दिवसांत एकसष्ट नोंदी झाल्या होत्या. त्यांपैकी कशाला कारण होते आणि कशाला नुसती सवय होती, ते तिने माझ्यासमोर बसून एकेक ओळ वाचत ठरवले. टेबल उचलायच्या नोंदीपाशी ती बराच वेळ थांबली, कारण वर्गातली सर्वांत दणकट विद्यार्थिनी आणि सर्वांत बारीक विद्यार्थी या दोघांचे चेहरे तिला एकदम आठवले.